दुपारची टकटक

१

"चोरी झालीय काका," ती म्हणाली, "पण घरातली एकसुद्धा वस्तू जागची हललेली नाही."

माझं दुकान एका जिन्याखाली आहे. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या गोष्टी परत काढून देणं हा माझा धंदा. येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक मेलेली डिस्क असते आणि तोंडात एक ठरलेलं खोटं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली." या मुलीचे हात मोकळे होते. तिशीतली असेल. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"काय गेलंय?"

"आईचा आवाज."

मी तिला स्टूल दिलं. तिनं सांगितलं ते असं.

तिची आई एका कचेरीत दप्तर सांभाळायची. कागद म्हटला की त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी, ही तिची आयुष्यभराची शिस्त. गळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी आवाज राहणार नाही असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा बाई रडत बसली नाही. तीन आठवडे रोज कॉम्प्युटरपुढे बसून बोलली. लहानपणच्या आठवणी, नातवंडांसाठी गोष्टी, कोणाला काय सांगायचं राहिलं ते. एकूण एकसष्ट ध्वनिफिती भरल्या. मग ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्यानंतर आठ महिने ती जगली.

"मी लांब नोकरीला. घरातली धाकटी. येते येते म्हणत राहिले," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. आईचा शेवटचा निरोप होता. मी चाळिशीत अक्षरं शिकलो, त्यामुळे आजही हळू वाचतो. 'तुझ्यासाठी एक वेगळं बोलून ठेवलंय. तिकडे मागवू नकोस. इथे ये, माझ्या खुर्चीत बस आणि ऐक.'

"आई गेली तेव्हाही वेळेवर पोचले नाही. परवा शनिवारी आले. कॉम्प्युटर उघडला तर फोल्डरच नाही. तीन ठिकाणी प्रती होत्या म्हणे. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी कपाटातल्या पेटीत, तिसरी घराबाहेर. पेटीतही काही नाही. गुरुवारी सकाळी मला परत जायचंय काका. ते न ऐकता गेले, तर मी आईशी कायमची भांडून गेल्यासारखं होईल."

"संशय कोणावर?"

"दादावर." एक क्षणही थांबली नाही.

दारापर्यंत जाऊन ती परत वळली. "अजून एक आहे. तुम्ही हसाल. आवाज गेलाय म्हणतेय ना मी? पण वहिनीला तो ऐकू येतो. रोज दुपारी. आईच्या बंद खोलीतून."

मी हसलो नाही.

२

घर बैठं होतं. पुढे बसायची खोली, मागे लांब बोळ, बोळाच्या टोकाला आईची खोली. तिला कुलूप. खोलीमागे अंगण आणि अंगणात एका लाकडी बाकावर लोखंड आवळून धरायचा व्हाइस बसवलेला. वडील, म्हणजे आबा, चाळीस वर्षं लेथवर काम केलेले टर्नर. निवृत्त झाले तरी दुपारी तिथे काहीतरी घासत बसतात, असं धाकटीनं सांगितलं.

दादानं दार उघडलं. चाळिशीचा, कपाळावर कायमची घाई.

"या. माझी बहीण मला चोर म्हणते ते ऐकलंच असेल तुम्ही."

"ऐकलं. तुम्ही तिला काय म्हणता तेवढं ऐकायचं राहिलंय."

तो जरा नरमला. "काका, मी कशाला पुसू? मला तर तो आवाज हवा होता. एक कंपनी आहे. माणसाचा आवाज दिला की यंत्र त्या आवाजात बोलतं. विचारलं तर उत्तर देतं. सहा तुकडे नमुन्याला दिले होते, बाकीचे या आठवड्यात द्यायचे होते. पोरांना आजी मिळाली असती. हिला ते पटत नव्हतं. आणि ती पेटी बाहेरून, कुठूनही उघडता येते. आता तुम्हीच बघा."

"मी आईच्या आवाजाला हात लावीन?" धाकटी ओरडली.

"अगं, मग मी लावीन?"

मी दोघांना तसंच सोडून, आई गेल्यावर पुढच्या खोलीत आणलेल्या कॉम्प्युटरपुढे बसलो.

कॉम्प्युटरमध्ये चिपवाली डिस्क होती. तिच्यावरचं पुसलं की खरोखर पुसलं जातं, मागे काही उरत नाही. कपाटात बुटाच्या खोक्याएवढी पेटी होती, पुढे हिरवा दिवा. रोज संध्याकाळी पाच वाजता ती कॉम्प्युटरकडे बघायची आणि हुबेहूब तसं स्वतःला करून घ्यायची. इथंच पुष्कळ लोक फसतात. आरशाला ते तिजोरी समजतात. तुम्ही आरशापुढून उठलात की आरशातला माणूसही उठतो. गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी कॉम्प्युटरमधून फोल्डर गेला आणि पाच वाजता पेटीनंही इमानेइतबारे तो पुसला.

तरी पेटीतून मला काढता आला असता. पण पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलेलं नसलं, तरच. इथं ती जागा पूर्ण भरली होती. कशानं? दारावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणानं. चार दिवसांची रिकामी गल्ली.

"कॅमेरा पेटीला कोणी जोडला?"

"नेटवाल्यानं."

नेटवाल्याला फोन लावला. आधी तो चिडला, मग गयावया करू लागला. "मावशींनी नको म्हटलं होतं हो. त्या गेल्यावर मी जोडून दिला, पेटीत जागा पडून होती म्हणून. पण मी काही पुसलं नाही. गुरुवारी दिवसभर मी दुसऱ्या गावी होतो, विचारा कोणालाही." गुन्हा होता, पण तो आगाऊपणाचा.

पेटी स्वतःची नोंद ठेवते, काय आलं आणि काय गेलं. ती नोंद मी बोट ठेवून वाचत गेलो. गुरुवारी एक नाही, दोन फोल्डर गेले होते. पहिला, 'आईचा आवाज, मुलांसाठी'. दुसरा, 'अंगणातली पाखरं'.

"पाखरं कसली?"

"आई पहाटे अंगणात पाखरांचे आवाज टिपायची," धाकटी म्हणाली. "शेकडो असतील. पण ते कोण कशाला पुसेल?" तिनं मोबाइलमधलं एक जुनं छायाचित्र दाखवलं. कॉम्प्युटरपुढे आई बसली होती आणि मागे पडदा दिसत होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळे पिवळे फोल्डर. त्यांत दोन मात्र वेगळे, दोन्हींवर एकच निळं पाखरू. "ज्यात आवाज आहे त्यावर पाखरू. आईची पद्धत."

इतक्यात आबा आत आले. उंच, वाकलेले, हाताला लोखंडाचा वास. मी दोन्ही फोल्डरची नावं कागदावर उतरवली होती. तो कागद त्यांच्यापुढे धरला. "आबा, हे दोन गेलेत. दुसरा कोणाला हवा असेल?"

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि परत दिला. "चष्मा आत राहिलाय, मिस्त्री. पोरांना विचारा."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

३

सूनबाई, म्हणजे दादाची बायको, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलली. मधूनमधून बोळाकडे बघत होती.

"मी घाबरट नाही काका. माहेरी विहिरीवर एकटी जायचे. पण हे वेगळं आहे. रोज तीनच्या सुमाराला. पोरं शाळेत, हे कामावर, आबा मागे अंगणात. घर अगदी गप्प असतं. आणि आई बोलायला लागतात."

"काय बोलतात?"

"शब्द कळत नाहीत, दार जाड आहे. पण सूर त्यांचाच. वाक्य संपताना जरा खाली उतरायचा ना, तसाच. कधी कधी तर पाखरं बोलतात. सांगा मला, भर उन्हात, तीन वाजता कुठलं पाखरू बोलतं?"

"मग?"

"मग पंखा. खोलीत पंखा चालू असल्याची घरघर येते. आई बोलायला लागल्या की थोड्या वेळानं पंखा बंद होतो. बटणाचा आवाज येतो, खट्. या उकाड्यात पंखा कोण बंद करतं?" तिनं पदरानं कपाळ पुसलं. "आणि शेवटी ते. टक, टक, टक."

पोळपाटावर नखानं वाजवून तिनं मला ऐकवलं. दाराशी उभी असलेली धाकटी एकदम पांढरी पडली.

"आवाज गेल्यावर आई तशाच हाक मारायच्या," सूनबाई म्हणाली. "टेबलावर नखानं तीनदा. टक, टक, टक. म्हणजे इकडे या. आठ महिने आम्ही त्या टकटकीवर धावत होतो. आता ती पुन्हा येते. पहिल्यांदा एखादवेळ यायची. आता चार-पाचदा येते, आणि जोरात. जणू कोणीच येत नाही म्हणून चिडल्यात."

"दार उघडून बघितलंत कधी?"

"एकदा. परवा. देवाचं नाव घेतलं आणि कुलूप काढलं." तिचा आवाज खाली गेला. "खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी. टीव्ही बंद. पण काका, पंख्याची पाती अजून फिरत होती. हळूहळू थांबत होती. माझ्या डोळ्यांदेखत थांबली."

४

तिसरी प्रत घराबाहेर होती. आईनं ती ठेवली होती तीन गल्ल्या पलीकडे, शिवणवालीकडे. घराला आग लागली तर दुकान वाचेल, दुकानाला लागली तर घर, हा हिशेब. महिन्यातून एकदा आबा ती डिस्क घरी आणायचे, आई प्रत काढायची, आबा परत नेऊन द्यायचे. आई गेल्यावर ते आणणं-नेणं थांबलं होतं. म्हणजे त्या डिस्कवर एकसष्टच्या एकसष्ट असायला हव्या होत्या. आरसा नव्हती ती. जुनी आठवण होती, कोणी सांगितल्याशिवाय न बदलणारी.

"थैली जागची हललेली नाही," शिवणवाली म्हणाली. तोंडात दोन टाचण्या धरूनही ती स्पष्ट बोलत होती. "परवाच कापड काढताना हाताला लागली. जड आहे तेवढीच जड आहे."

तिनं फळीवरून हिरवी कापडी थैली काढली. तोंडाला नाडी, नाडीला गाठ. गाठ मीच सोडली.

आत डिस्क नव्हती. पोलादाचा तुकडा होता. डिस्कएवढाच लांब, तेवढाच रुंद, तेवढाच जाड.

"म्हणजे चोर इथपर्यंत येऊन गेला!" शिवणवालीच्या तोंडातल्या टाचण्या पडल्या. "कोण हो आलं होतं? मला तर आठवत नाही. गेल्या महिन्यात आबा तेवढे येऊन गेले, सदऱ्याची बटणं लावून घ्यायला. ते काय परके आहेत?"

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. "संपलं," ती म्हणाली. "तिसरीही गेली."

मी तो तुकडा उजेडात धरून फिरवला. बारा कडा असतात अशा तुकड्याला. बाराही कडांवरून अंगठा फिरवला. कुठेही बोचलं नाही. प्रत्येक कड कानशीनं घासून गोल केलेली, शेवटी पॉलिश पेपरचा हातसुद्धा. ज्याला नुसतं वजन भरायचं आहे तो एवढं करत नाही. वीट टाकतो, दगड टाकतो. हे करणाऱ्याला धारदार कड तशीच सोडून देणं जमतच नसावं. शिवणवालीची थैली फाटू नये इतकी काळजी चोरानं घेतली होती.

"बाळ," मी धाकटीला म्हटलं, "आवाज अजून जिवंत आहे. पण घाई केली पाहिजे. मरायला टेकलाय."

५

तीनला दहा मिनिटं कमी असताना मी बोळात दाराला कान लावून उभा राहिलो. सूनबाई आणि धाकटी माझ्या मागे, एकमेकींचे हात धरून. उन्हानं घर तापलं होतं. बाहेर एक माणूस चालत नव्हता.

पंख्याची घरघर सुरू झाली. मग आवाज आला.

मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. शब्द कळत नव्हते. नुसता एका बाईचा शांत, जरा थकलेला सूर, दारापलीकडे हाताच्या अंतरावर. धाकटीनं तोंडात ओढणी कोंबली. खट्. पंखा बंद झाला. आवाज चालू राहिला, मग अडखळला. एकच अक्षर तीन-चारदा आलं. आणि मग टक. टक. टक.

सूनबाई डोळे मिटून पुटपुटायला लागली. मला मात्र घाम फुटला तो दुसऱ्या कारणानं. ती टकटक मी तीस वर्षं ऐकतोय. डिस्क म्हणजे आत फिरणारी चकती आणि तिच्यावर केसाएवढ्या उंचीवरून सरकणारी वाचायची सुई. सुईला जागा सापडेनाशी झाली की ती परत मागे जाते, पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक प्रयत्नाला एक टक. आणि अशा प्रत्येक टकेला चकतीवर चरा पडू शकतो. आत कोणीतरी शेवटची प्रत वाजवत होतं आणि वाजवता वाजवता मारत होतं.

मी दारावर जोरात थाप मारली आणि ओरडलो, "पुरे! बंद करा, अजून एकदाही लावू नका!"

आत सगळं एकदम थांबलं. अंगणाकडचं दार लागल्याचा आवाज झाला.

"आई चिडल्या," सूनबाई रडत म्हणाली.

"नाही. आई चिडलेल्या नाहीत. दादांना बोलावून घ्या. सगळेच बाहेरच्या खोलीत बसू."

साडेचारला सगळे जमले. आबा दाराजवळच्या बाकड्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पोलादाचा तुकडा मध्ये टेबलावर ठेवला आणि दादाला म्हटलं, "त्या कंपनीनं नमुना दिला असेल ना? जरा लावा."

"आता? कशाला?"

"लावा तर."

त्यानं मोबाइल काढला. खोलीत त्या बाईचा आवाज आला. खणखणीत, न थकलेला, कुठेही न अडखळणारा. "आबा, गोळ्या घेतल्या का? वेळेवर घेत जा हं."

मी सूनबाईकडे वळलो. "आई यांना काय म्हणायच्या?"

"अहो म्हणायच्या." ती गोंधळली. "'अहो, ऐकलंत का.' आबा असं आमच्याशी बोलताना. त्यांना स्वतःला कधीच नाही."

"बरोबर," दादा म्हणाला. "फितींमध्ये ती आमच्याशी बोलतेय, म्हणून 'आबा' म्हणते. यंत्रानं तेच उचललं. एवढीशी चूक आहे, काका. दुरुस्त करता येते."

"हे आबांना ऐकवलं होतं कधी?"

"बुधवारी. त्यांना बरं वाटेल म्हणून."

"आणि गुरुवारी तीन वीसला पुसलं गेलं."

६

दादा उभा राहिला. "काय बोलताय तुम्ही? आबांना त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"कॉम्प्युटरमधलं नेमकं किती कळतं, तेच बघत होतो मी," मी म्हटलं. "पुसणाऱ्याला पेटी पाच वाजता आरसा होते हे माहीत होतं. म्हणून त्यानं पेटीला हातही लावला नाही. कॉम्प्युटरमधून काढलं की झालं. त्याला शिवणवालीकडची थैली माहीत होती आणि तिथे त्याच्या येण्याची कोणी दखल घेत नाही हेही. त्यानं लोखंड असं घासलंय, की या घरात तसं घासणारा एकच हात आहे. आणि त्यानं शेवटची प्रत मारली नाही, जपली. आईच्या खोलीत जुना टीव्ही आहे, त्याला मागून डिस्क जोडता येते. खोलीला दुसरं दार आहे, अंगणातून. पुढचं कुलूप वाजलं की माणूस मागून बाहेर पडू शकतो, डिस्क खिशात टाकून. फक्त पंख्याला थांबायला वेळ लागतो."

सूनबाईनं हळूच श्वास सोडला.

"मग पाखरं का पुसली?" धाकटीनं विचारलं. "नाव तर स्पष्ट लिहिलं होतं."

उत्तर मला सकाळीच मिळालं होतं, आबांनी कागद परत दिला तेव्हा. 'चष्मा आत राहिलाय' हे मी स्वतः वीस वर्षं म्हणत आलो होतो. तेव्हा मला चष्मा नव्हताच. पण ते माझ्या तोंडून यायची गोष्ट नव्हती. मी म्हटलं, "दोन्हींवर पाखरू होतं, एवढं पुरे."

"पुरे नाही, मिस्त्री." आबा पहिल्यांदा बोलले. "मला अक्षर येत नाही."

"आबा, काहीतरीच! तुम्ही रोज पेपर..."

"ती वाचायची. मी धरून बसायचो." ते टेबलावरच्या तुकड्याकडे बघत होते. "नकाशे मला यायचे. आकडे यायचे. अक्षर नाही आलं. तिनं पंचेचाळीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही. आवाज गेल्यावर खुणांनी शिकवलं मला. पाखरू म्हणजे आवाज. इथे काढलं की तिथलंही पाच वाजता जातं, म्हणून जपून. शिवणवालीकडची तेवढी आठवण ठेवते. दोन पाखरांतलं कुठलं तिचं, हे उघडून एकेक वाजवल्याशिवाय मला कळलं नसतं. दोन्ही काढली."

"पण का?" दादाचा आवाज फाटला.

"तुझं ते यंत्र." आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "अहोशिवाय दुसरी हाक तिनं मला मारली नाही. तू म्हणतोस दुरुस्त करू. कर की. आज हाक दुरुस्त करशील. उद्या पोरं विचारतील, आजी बोलेल. ती कधी बोललीच नाही ते बोलेल. रोज नवं. मग तिचं खरं कुठलं, हे मला कोण वाचून दाखवणार?"

दादा खाली बसला. त्यानं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"माझंही होतं त्यात," धाकटी म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, आबा. दोन दिवस मी रडतेय. बघत होतात तुम्ही."

म्हातारा म्हणाला, "तू जायच्या दिवशी ऐकवणार होतो. मागच्या दारानं नेऊन. डिस्क मी गेल्या महिन्यातच थैलीतून आणली होती, दुपारी तिला ऐकायला. मग ती डिस्क टकटकायला लागली. बेअरिंग गेल्याचा आवाज मला कळतो गं. थांबायला हवं होतं, कळत होतं. पण दुपार झाली की..." त्यांनी हात वर केला आणि तसाच खाली ठेवला. "परवापासून तुझीच अर्ध्यात अडकते. तुला सांगायला तोंड नव्हतं."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली डिस्क काढली. ती अजून गरम होती. पोरांपैकी कोणाकडे न देता त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"मिस्त्री, होईल?"

"आबा, तुमच्याकडे आलेल्या घासलेल्या शाफ्टला बघून तुम्ही काय म्हणायचात?"

"बघतो म्हणायचो."

"तर मग बघतो."

७

दोन दिवस मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. त्याच जातीची, त्याच बनावटीची दुसरी डिस्क शोधली, तिची सुई काढून आईच्या डिस्कला बसवली आणि थोडं थोडं वाचवत गेलो. चऱ्यांच्या जागा टाळून, चांगल्या जागा आधी. घाई केली असती तर सगळंच गेलं असतं. एकसष्टपैकी सत्तावन्न हाती लागल्या. चार गेल्या, त्या कोणालाच मिळणार नाहीत. पाखरं जवळजवळ सगळी आली.

बुधवारी दुपारी घरी गेलो तेव्हा आईच्या खोलीचं पुढचं दार सताड उघडं होतं. कुलूप शिवणवालीकडे जाणाऱ्या नव्या थैलीला लावणार, असं सूनबाई गमतीनं म्हणाली. कॅमेऱ्याची तार दादानं स्वतः पेटीतून काढली होती. नव्या प्रतीवर त्यानं आबांसमोर बसून प्रत्येक ध्वनिफितीला वेगळं चित्र लावलं. आबा सांगत होते, तो लावत होता. विहीर. छत्री. शिवणयंत्र. धाकटीच्या फितीला काय लावायचं, यावर दोघांचं थोडं वाजलं. शेवटी खुर्ची ठरली. यंत्राचं मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "नमुना पुसला, काका. त्यांच्याकडचे सहा तुकडेही काढायला लावले. लेखी घेतलं." मग त्यानं आबांकडे बघितलं. "वाचून दाखवलं."

धाकटी आईच्या खुर्चीत बसली. आबा भिंतीशी, पलंगाच्या कडेला. पंखा गरगरत होता. मी निघणार होतो, पण आबा म्हणाले, "अडकलं तर? थांबा जरा." म्हणून दाराशी थांबलो.

सुरुवातीला नुसती खरखर आली. मग ती बोलली.

"धाकटे, बसलीस ना नीट? पाय वर घेऊन बस, खाली गार लागेल. हे बघ, मी तुला रागावून..." मध्ये थोडं तुटलं. चरा पडलेली जागा होती ती. धाकटी पुढे झुकली. आवाज परत आला, जरा वैतागलेला, कोणा दुसऱ्याकडे वळून बोललेला.

"अहो, तो पंखा बंद करा जरा. आवाज येतोय मध्ये."

आबा उठले. कोणाकडे न बघता भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. त्याच क्षणी ध्वनिफितीतही एक खट् वाजलं. दोन्ही एकावर एक बसले. पंख्याची घरघर विरू लागली, एक त्या दिवसाची, एक आजची.

"हं," ती म्हणाली. "आता बरं. तर ऐक."

पुढचं तिच्या मुलीसाठी होतं. मी अंगणात आलो आणि दार ओढून घेतलं.